साबणाला तीन शब्द

जेरुसलेम,
१२ सप्टेंबर २०२३

चि. मिथुन यास कामिनीताईचे अ. आ.

फोनवर आई नुसती रडते, म्हणून हे पत्र. खांडबाऱ्याच्या पोस्टमनला आपलं घर अजून आठवतं ना?

मी ज्यांची सेवा करते त्या मिर्यम आजींची नात तालिया, लेकीची लेक, मोठी वांड आहे. तिच्या शाळेत ज्यू आणि अरब मुलं एका बाकावर बसतात. वर्गात दोन बाई असतात. एक हिब्रूच बोलतात, दुसऱ्या अरबीच. भाषांतर कुणी करून देत नाही, अडलं की शेजारच्याला विचारायचं. तालियाची शेजारीण लीना. दोघींना सारखे शब्द शोधायचा नाद लागलाय. साबणाला ही साबोन म्हणते, ती साबून. आंघोळीला बसली की तालिया दोन्ही ओरडते आणि मला विचारते, तुझा कुठला? मिथुन, तू मास्तर, तूच सांग.

तुझी,
कामिनीताई

खांडबारा,
३ ऑक्टोबर २०२३

ती. कामिनीताईस मिथुनचा सा. न. वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं, तर तिचं एकच, मन्ही पोर कशी शे? ते तू लिहिलंच नाहीस!

तालियाला सांग, पुस्तकात साबण, पण आमची आई साबू म्हणते, आणि साबूला फेस जास्त येतो.

तुझ्या त्या शाळेची रीत मी उचलली. अंगणवाडीतल्या शांतीबाईंना वर्गात बसवतो. त्या भिलीतच बोलतात, मी मराठीतच. पाड्यावरची मुकी बसणारी पोरं आता गावातल्या पोरांना शब्द शिकवतात. पण पितांबरदादा भडकलेत. आमच्या नातवाला भिली कशाला, शाळेतून नाव काढतो म्हणतात. त्यांनी नाव काढलं की गावातले बाकीचेही काढतील. मी त्या दोन पोरींकडे बघून धीर धरलाय, त्यांचं कळवत जा.

आईचे आशीर्वाद. लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
मिथुन

जेरुसलेम,
१८ डिसेंबर २०२३

चि. मिथुन यास अ. आ.

आईला म्हणावं, मी सुखरूप आहे. पुढचं तिला वाचून दाखवू नकोस.

मिर्यम आजींचा मुलगा, तालियाचा मामा, युद्धात गेला. आजींना मीच भरवते. लीनाची मावशी गाझात होती, तीही लेकरांसकट गेली. शाळा पुन्हा भरली, दोघी बाई पूर्वीसारख्याच शिकवतात. लीना येते. तालियाला मात्र तिच्या आईने काढलं. नका काढू, असं ओठावर आलं होतं. पण ज्या घरातलं माणूस गेलंय तिथे मी काय बोलणार?

तालिया आंघोळीला साबण मागेना. नुसता हात पुढे करायची. अरबी साबून म्हटलं की तिची आई रडते, आणि साबोन म्हटलं की तिला स्वतःला त्याची जोडी सांगणारी लीना आठवते. काल हळूच म्हणाली, कामिनी, साबू. आपल्या आईचा शब्द रे! त्या पोरीला घरात बोलायला तेवढा एकच उरलाय. मला रडू आवरलं नाही.

मिथुन, पितांबरदादांकडे जा. त्यांच्या पाया पड, पण नातवाचं नाव काढू देऊ नकोस. लीनाच्या शेजारची जागा बाईंनी अजून कुणाला दिलेली नाही.

माया असू दे.

तुझी,
कामिनीताई