अध्यक्षाचा कोट

४ नोव्हेंबर २००१
बुद्धिबळ मंडळाची मीटिंग. पुढच्या महिन्यात बंगालचे एक ग्रँडमास्टर जालन्याला येणार, हॉलमध्ये सगळ्यांसमोर कॉम्प्युटरशी खेळणार. कोणाचा प्रोग्राम खेळवायचा ते ठरवायला निवड समिती. अध्यक्ष मी. मस्तगडात माझा कॉम्प्युटर क्लास आहे, त्यामुळं दुसरं नाव निघालंच नाही. निवड बिलकुल निःपक्ष करायची.

६ नोव्हेंबर
माझाही प्रोग्राम आहे, अर्ज केला. चार वर्षं घासून लिहिलाय. ज्याचा प्रोग्राम, तोच ग्रँडमास्टरांसमोर बसून मोहरे हलवणार. त्या खुर्चीसाठीच तर लिहिला.
सेक्रेटरी रामकिसन दबकत म्हणाला, सर, हे बराबर दिसंल का. समजावलं त्याला. अध्यक्ष वेगळा, प्रोग्रामर वेगळा. अध्यक्ष असताना लग्नातला कोट घालायचा, प्रोग्रामर असताना काढायचा.
ही म्हणाली, तुमचं लगीन तुमीच लावून राह्यले. हिला प्रोसीजर कळत नाही.

११ नोव्हेंबर
दुसरा अर्ज आला. साहेबराव, भोकरदनला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. कोट घालून नियम केला: दोन्ही प्रोग्राम एकाच मशीनवर चालवायचे. मशीन माझं.

१८ नोव्हेंबर
चाचणी. दोन्ही प्रोग्राम एकमेकांशी खेळवले. साहेबरावचा जिंकला. सांगितलेला चहा यायच्या आत.
कोट घातला, विचार केला. पंखा चालू होता, व्होल्टेज खालीवर होत होतं. चाचणी रद्द. साहेबरावनं फ्लॉपी खिशात घातली. समजूतदार माणूस.

२५ नोव्हेंबर
पंखा बंद ठेवला. परत तोच जिंकला. नवीन नियम: फार भराभर खेळणारा प्रोग्राम उथळ समजावा. चाचणी रद्द. कोटात घाम फार येतो.

२ डिसेंबर, सकाळी ११.१०
तिसऱ्या चाचणीला अकराची वेळ दिल्ती. भोकरदनची बस आली न्हाई. नियम तो नियम. कोट घालून साहेबरावला बाद केलं, कोट काढून बातमी ऐकली. आनंद झाला.

११.४०
साहेबराव आला. राजूरजवळ टायर पंक्चर झाल्तं म्हणे. पाणी दिलं. वाईट वाटलं, पण अध्यक्षानं वाईट वाटून घ्यायचं नसतं.

१६ डिसेंबर
मॅच. हॉल भरला होता. मी खुर्चीत बसलो, कोट मागं टांगलेला. आठव्या खेळीला ग्रँडमास्टरांनी शह दिला. प्रोग्रामनं शहाकडं बघितलंच नाही, कोपऱ्यातलं प्यादं एक घर सरकवलं. पंचांनी दोनदा सांगितलं, अशी खेळी चालत नाही. मी एंटर दाबत राह्यलो. प्यादंच.
ग्रँडमास्टरांनी हळूच विचारलं, दुसरा प्रोग्राम आहे का. पहिल्याच रांगेत साहेबराव होता. त्याचा हात खिशाकडं गेला.
मी उठलो, कोट चढवला, नियमात बसत न्हाई म्हणालो. लोक निघाले. मला फारसं काही वाटलं नाही. हात गार पडले होते, पण डिसेंबर आहे.

१८ डिसेंबर
पेपरात फोटो. ग्रँडमास्टर अजिंठ्याला जाताना भोकरदनला चहासाठी थांबले. साहेबराव त्यांना कॉलेजच्या लॅबमध्ये घेऊन गेला. डाव दुपारपर्यंत चालला आणि बरोबरीत सुटला. फोटोत साहेबराव मोहरा उचलतोय, समोर ग्रँडमास्टर डोकं धरून बसलेत.
चार वर्षं हा फोटो मी मनात बघत आलोय. त्यात मी असायचो.
ही म्हणाली, जेवून घ्या. जेवलो. भाजी कशाची होती ते आठवत नाही.

१९ डिसेंबर
भोकरदनची मॅच बेकायदा आहे. निवड समितीला विचारलेलं नाही. प्रोग्रामर म्हणून माझ्यावर अन्याय झालाय. तक्रार करणार. तक्रार निवड समितीच्या अध्यक्षाकडं करावी लागते.
कोट शोधला. हिनं डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवलाय, वर कुलूप. चावी मागितली. तिनं विचारलं, आता कोणाचं लगीन हाये?