किटली आली, कप राहिला

॥ श्री ॥

रांझी, जबलपूर
१२ सप्टेंबर १९७१

प्रिय,

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं आणि सोबतची बांबूची जनावरंही सुखरूप पोचली. मी आपली सहज गंमत म्हणून लिहिलं होतं, की कारखान्यात लागल्यापासून माझे कान कडुनिंबाचे झाड झालेत. त्यावर तुम्ही सुरी घेऊन बसाल असं वाटलं नव्हतं.

आमच्या सेक्शनचं नाव लिहायची मुभा नाही. फाटकावर अंगावरचं सगळं धातूचं काढावं लागतं, डोक्यातले आकडेसुद्धा, कारण आत ठिणगी पडली तर कोणीच उरायचं नाही. त्यामुळे तुम्ही लग्नात घातलेल्या सोन्याच्या कुड्या ट्रंकेत आहेत. भोकं बुजू नयेत म्हणून कडुनिंबाच्या काड्या घालत होते. नवरा सरहद्दीवर असताना बाईच्या कानाची भोकं बुजू द्यायची नसतात असं आईंचं म्हणणं, आणि सासूच्या म्हणण्यापुढे कारखानासुद्धा काय करणार?

आता त्याच काड्यांना उजव्या कानात मासा टांगलाय आणि डाव्या कानात त्याच्याकडे डोळे वटारणारं मांजर. झडतीवाल्या दीदीने मासा नखाने खरवडला, दाताने चावून पाहिला, आणि लकडी है, जाने दो म्हणत सोडून दिलं. सेक्शनमधल्या बाया रोज विचारतात, की मांजराला मासा मिळाला का. मी सांगते, मधे माझं डोकं आहे ना.

पण संध्याकाळी भोंगा झाला, की हसू कुठल्या कुठे जातं. फाटकातून सायकलींचा लोंढा रांझीकडे वळतो आणि मी वेड्यासारखी त्यात तुमची सायकल शोधते. ती घरी भिंतीला टेकलेली आहे हे मला ठाऊक असतं, तरी शोधते. तुमची फार आठवण येते. हे पत्र वाचणाऱ्या साहेबांनी ही ओळ खोडली तरी चालेल, मी पुन्हा लिहीन.

आईंचे आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

आपली
सौ. विनता



॥ श्री ॥

२० ऑक्टोबर १९७१

प्रिय सौ. विनता हिस,

अ. उ. आ. (आशीर्वाद द्यायची पद्धत आहे म्हणून देतो. इतक्या लांबून दुसरं काही देता येत नाही.)

मी कुठे आहे ते लिहायचं नाही. बांबू फुकट मिळतो आणि मासे पोटभर, यावरून काय ते समज. मी चालवतो तो ट्रक आपल्या जबलपूरलाच बनलेला आहे. सकाळी बॉनेटवर हात ठेवला, की रांझीच्या माणसाला भेटल्यासारखं वाटतं. गाडीत भरून नेतो ते पेटारेही

[इथल्या दोन ओळी काळ्या शाईने खोडलेल्या]

असो. तू समजलीसच.

माझ्या कलेचं कौतुक नको. डाव्या हाताने धरायचं, उजव्याने तासायचं, एवढीच विद्या. आमच्या गाडीवरचा गुणवंत, नागपूरकडचा आहे, तो म्हणतो, भैया, लोक बायकोला साड्या पाठवतात अन् तुम्ही मांजरं काहून पाठवून राहिले? त्याचं लग्न व्हायचंय, त्याला काय कळणार.

पुढची जोडी ठरवली आहे. एका कानात किटली, दुसऱ्या कानात कप. रविवारी दुपारी आपण ओट्यावर बसून चहा घ्यायचो, त्याची आठवण. तू मान हलवलीस की चहा ओतला जाईल.

आणि एक वचन लिहून देतो. मी घरी आलो, की ट्रंकेतल्या कुड्या तुझ्या कानात माझ्या हाताने घालीन. तोवर तू त्या घालू नकोस. मला रोज तो दिवस दिसतो.

आईला साष्टांग नमस्कार. तुझा जीव माझ्यावर असाच जडलेला असावा.

तुझा
नीलकंठ



॥ श्री ॥

लष्करी इस्पितळ
४ जानेवारी १९७२

प्रिय सौ. विनता हिस,

अ. उ. आ.

हे अक्षर गुणवंतचं आहे. गाडी उलटली तेव्हा माझा हात थोडा मुरगळला, म्हणून तो लिहून घेतो आहे. काळजीचं कारण नाही. लढाई संपली, जीव वाचला, आणखी काय हवं.

किटली पाठवतो आहे. कप मागाहून. मला यायला मात्र बराच अवधी लागेल. तू नोकरीतून रजा घेऊन माहेरी सागरला जाऊन राहा. वाट पाहत बसू नकोस. कुड्यांचं मी काहीबाही लिहिलं होतं ते सोड, तुझ्या तूच घाल.

आईला नमस्कार. राग नसावा.

नीलकंठ

ता. क. वहिनी, ही ओळ माझी स्वतःची. किटलीसाठी बांबू धरता धरता माझ्याच अंगठ्याला सुरी लागली. तेव्हा किटली जपून वापरा. आपला, गुणवंत.



॥ श्री ॥

रांझी, जबलपूर
१३ जानेवारी १९७२

प्रिय,

सा. न. वि. वि.

किटली मिळाली. आई म्हणाल्या वांगं आहे. शेजारच्या शरयूताई म्हणाल्या बदक आहे. तुम्ही आधी लिहिलं होतं म्हणून, नाहीतर मीही ओळखली नसती.

मी तिच्याशेजारी मासा ठेवून पाहिला. माशाच्या खवल्यांवर तुमची सुरी उजवीकडून डावीकडे उतरली आहे. किटलीवरचे सगळे वार उलटे आहेत. ही तुम्ही डाव्या हाताने कोरलीत. मुरगळलेल्या हाताने सुरी धरवत नाही हे मान्य, पण बांबूवर नुसता दाबून ठेवायलाही तुमचा उजवा हात नव्हता. बांबू गुणवंतभाऊजींनी धरला. त्यांना रागावू नका, बिचाऱ्यांना आपण काय सांगून बसलो ते कळलंही नसेल.

मी आईंना सांगितलं. त्या देवापुढे बराच वेळ बसल्या, मग उठून तीळ भाजायला घेतले. मी मोरीत जाऊन रडले. पोटभर रडले, तुमच्यापासून लपवणार नाही. तुम्हीही आता काही लपवू नका.

मी सागरला जाणार नाही. मी संध्याकाळी भोंग्याला फाटकापाशी उभी असते, तशीच उभी राहीन. तुम्ही सायकलवर नसाल, पायी याल, एवढाच काय तो फरक. कप तिकडे कोरू नका. बांबू घेऊन या, इथे मी धरीन.

आणि कुड्या मी घातलेल्या नाहीत, घालणारही नाही. तुमच्या हाताने घालायच्या असं ठरलं आहे. काल ट्रंकेतून काढून करून पाहिलं. पुढून कुडी मी धरली, तर मागची फिरकी आवळायला एकच हात लागतो.

सोबत तिळगूळ आहे, निम्मा गुणवंतभाऊजींचा. लोभ आहे हे मला ठाऊक आहे, तो पत्रातून पाठवू नये, स्वतः घेऊन यावं.

आपली
सौ. विनता