आईच्या नाकाची तपासणी

३ मार्च

आई म्हणते, आज तिला साबणाचा वास आला. माझा विश्वास बसत नाही.

थंडीतल्या त्या तापाने आम्हा दोघींनाही झोपवलं होतं. मी उठले, ती उठली – तिचं नाक काही उठलं नाही. डेअरीत कॅनचं झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि ‘घ्या’ किंवा ‘परत’ म्हणायचं, हेच तिने आयुष्यभर केलंय. साहेब महिनाअखेरपर्यंत थांबणार आहेत. नंतर तिला कॅन धुण्यावर टाकतील. अशा वेळी माणसाला हवा तो वास येतो.

५ मार्च

मामा कात्रण घेऊन आला. नाकातल्या पेशी पुन्हा उगवतात म्हणे, शोध लागलाय. किती नाकांवर? किती जणांची उगवली नाहीत? बातमीत काही नाही. मामा वैतागला – “जग कुठल्या कुठे गेलं आणि तू बसलीयेस थर्मामीटर पुसत!” मी पुसत नाही. ते खरं बोलतात की नाही, हे लॅबमध्ये तपासते.

डॉक्टरांनाच विचारलं. “पेशी उगवतात हे खरं. पण जोडण्या जुन्या जागी होतील का, सांगता येत नाही.” या सगळ्या प्रकरणात मला पटलेलं हे एकच वाक्य. आईने त्यातला पहिला अर्धा तेवढा घरी आणला.

कँटीनची कॉफी पुन्हा पाणचट. कँटीनवाला पावडरीत हात आखडतोय.

८ मार्च

बाटल्यांना काळा कागद गुंडाळला. कॉफी, साबण, व्हिनेगर, जळकी काडी, आणि एक रिकामी. आत काय काय आहे ते आईला सांगितलं. कशात काय ते नाही. एकेक तिच्या नाकाखाली धरली.

सगळ्या बरोबर! रिकामीसुद्धा.

मामा पेढे वाटल्यासारखा हसत होता. मी नाही. कारण आई मध्येच थांबायची, माझ्याकडे बघायची आणि उत्तर बदलायची. ती बाटली हुंगत नव्हती, मला वाचत होती. आमच्या लॅबमध्ये दुसऱ्यांदा मोजणाऱ्याला पहिल्याचा आकडा दाखवत नाहीत. ही चूक माझी.

११ मार्च

आज बाटल्या मामाने भरल्या, त्यानेच धरल्या. आत काय आहे ते आईला सांगितलं नाही; मागच्याच वस्तू असतील असं धरू नकोस, एवढंच म्हटलं. मी बाहेर गॅलरीत. दोन फेऱ्या, क्रम बदलून. रिकामी सोडली तर सगळं चूक. कॉफीला म्हणाली ओलं लोखंड. साबणाला शिळा भात. जळक्या काडीला चक्क संत्रं.

“सख्ख्या आईला नापास करायची एवढी घाई?” – मामा.

आईने विचारलं, बरोबर आलं का. मी ‘बघू’ म्हटलं.

“तुझं बघू म्हणजे नाही. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं गं, लहानपणापासून.”

ऑफिसात मला भिंत म्हणतात.

१२ मार्च

शेजारच्या टेबलावरची म्हणाली, “भिंतबाई, अत्तराची आख्खी बाटली ओतलीस का?” नेहमीइतकंच लावलं होतं. हिला माझं काहीतरी खुपतंय. काय, ते शोधायला हवं.

१४ मार्च

मामाने लिहून ठेवलेली उत्तरं पुन्हा पाहिली. दोन्ही फेऱ्यांत कॉफी म्हणजे ओलं लोखंडच. जळकी काडी म्हणजे संत्रंच. चूक – पण दोन्ही वेळा तीच चूक.

एखादा थर्मामीटर कायम दोन अंश जास्त दाखवत असेल तर आम्ही तो फेकत नाही. ‘दोन वजा करा’ अशी चिठ्ठी लावतो आणि वापरतो. फेकायचा तो, जो आत्ता एक सांगतो आणि घटकाभराने दुसरंच. आईचं नाक तसलं नाही. अंदाजाने बोलत असती तर तिची उत्तरं बदलली असती.

हे मला फार पटतंय. म्हणूनच मला त्याचा संशय येतो.

तरी आईला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे नव्याने शिकायचं? नासलेलं दूध मला कसलं वाटतं ते?”

“हो.”

“आणि माझं चुकलं तर? ते दूध पोरंबाळं पितात.”

सांगता येत नाही, मी म्हणाले. डॉक्टरांच्या तोंडून हेच वाक्य बरं वाटलं होतं.

१५ मार्च

डेअरीचे साहेब तयार झाले. परवा काही चांगले आणि काही नासलेले नमुने ठेवणार. आई हुंगेल. मामा म्हणतो, साहेब तिला जागेवरून हलवायला टपलेत, काहीतरी खोड काढतीलच. मलाही तेच वाटतं. म्हणून अट घातली – कुठला नमुना चांगला, कुठला नासका, हे आधी मी स्वतः हुंगून खुणा करणार. बाकी कोणाच्या नाकावर माझा भरवसा नाही.

आई म्हणाली, “तू आहेस म्हटल्यावर मला काळजी नाही.”

१६ मार्च

इथेच टेबलाशी बसले होते, शेगडीकडे पाठ. आई बाहेरून आली. चपला काढता काढता म्हणाली, “संत्रं सोललंस का?”

घरात संत्रं नाही.

वळून पाहिलं. पातेल्याचं बूड काळं झालं होतं, धूर निघत होता. शेगडी बंद केली आणि नाक पातेल्यावर नेलं. मग कॉफीचा डबा उघडला. मग अत्तराची बाटली.

उद्या खुणा दुसऱ्या कोणीतरी करायला हव्यात. आई माझ्या तोंडाकडे बघतेय.