‘इतर’मधली बाळं

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पाया पडतो. मी बरा आहे, खोकलाही जवळजवळ गेलाय. तुझा गुडघा काय म्हणतो?

काम तेच आहे. दवाखान्याची जुनी रजिस्टरं स्कॅन करायची आणि नाव टाकताच कॉम्प्युटरवर सापडतील अशी लावायची. मान मोडते, पण नोकरी सावलीतली आहे. ज्या नोंदीला नाव नसेल, ती मी खुशाल ‘इतर’मध्ये ढकलायचो.

गेल्या महिन्यात एक आजी आल्या. पन्नास वर्षांपूर्वी त्यांचं बाळ इथेच दोन दिवसांत गेलं होतं, त्याची नोंद त्यांना बघायची होती. मी नाव विचारलं. म्हणाल्या, “नाव ठेवायला राहिलंच कुठे रे ते!”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘इतर’ उपसायला तीन दिवस लागले. नोंद सापडल्यावर आजींनी पडद्यावरच्या त्या ओळीवरून नुसतं बोट फिरवलं.

आता ती सगळी बाळं मी त्यांच्या आयांच्या नावाखाली लावतोय.

आई, एकुलता एक म्हणून तू माझे लाड केलेस. पण माझ्याआधी एक मुलगा होऊन गेला, हे मावशीने मला कधीच सांगितलंय. मनातल्या मनात तू त्याला काय हाक मारतेस? जमलं तर लिही.

तुझा,
धाकटा