प्रतिसादक क्रमांक सदतीस

२४ फेब्रुवारी, दुपारी १.१०
माझं आयुष्य बदललं ते आज, नांदगावच्या स्टँडवर उसाचा रस पिताना. मोबाईल वाजला. तृप्ती. कॉलेज सोडल्यापासून तिचा पहिला मेसेज. (कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला नाही. हजेरीवरून सरांशी वाजलं, वही आपटली, वर्गाचं दार आपटलं, विषय संपला.)
ती नाशिकला टुरिझमचा कोर्स करते. प्रोजेक्टसाठी ऑनलाइन फॉर्म पाठवलाय. विषय: स्थानिक संस्कृतीचा आनंद घेत प्रवासात निरोगी कसे राहाल? खाली लिहिलंय, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.
आमच्यासाठी. म्हणजे घरी पण बोलली असणार.

२५ फेब्रुवारी
घरी बसून फॉर्म भरणं हा भित्र्यांचा मार्ग. नाशिकला जाणार, जगणार, मग भरणार. रंगपंचमीला तिच्यासोबत रहाडीत, म्हणजे पेठेतल्या रंगाच्या हौदात, उडी आणि तिथेच विचारणार. तिच्या रंगनाथमामांचं घर रहाडीला लागूनच आहे.
बाबा म्हणाले, जा, पण नऊ तारखेला पिंपळगावच्या पॅकहाऊसला कांदा निवडायला हजर व्हायचं, काकांना शब्द दिलाय. मी म्हटलं बघू. नऊपर्यंत तृप्तीचा होकार आला की कांद्याचा प्रश्नच मिटला.
नियम: उकळलेलं पाणी. बाहेरचं खाणं बंद. रोज पाच किलोमीटर. राग नाही.
सामान: थर्मास, ओआरएस, कारल्याचा रस, आणि बाबा ग्रामपंचायतीच्या विहिरीत टाकतात त्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीची एक पुडी. शहरातल्या पाण्याचा भरवसा नाही.

२७ फेब्रुवारी, नाशिक
वत्सलामावशीकडे उतरलो. तिच्या माठातलं पाणी नाकारलं. ती म्हणाली, याच पाण्यावर तुझी आई बारा वर्षं वाढली, ती नाही मेली. वाद घातला नाही. फक्त पेला जरा जोरात ठेवला.

२८ फेब्रुवारी
पांडवलेणी चढलो. पायथ्यापर्यंत रिक्षाने, कारण तब्येतीला एकदम ताण देऊ नये. रिक्षावाल्याशी वाजलं. चूक त्याची.
उतरल्यावर मिसळ. एकच. मिसळीत मोड आलेली मटकी असते, मोडांत प्रोटीन असतं, शिवाय ही इथली संस्कृती. हे बाहेरचं खाणं धरत नाही.

२ मार्च
मिसळ. जास्तीचा रस्सा मागितला तेव्हा वेटर म्हणाला, दादा, कालच्यासारखं रडायला नका लागू. मी म्हटलं, ते डोळ्यातून विष बाहेर पडतं. रात्री पोट थोडं बोललं. कारल्याच्या रसाने दाबलं.

४ मार्च
तृप्ती भेटली. सहज. (तिच्या गल्लीतून सातव्यांदा जात होतो.) म्हणाली, अय्या सार्थक, तू इथे कसा? मी म्हटलं, फॉर्म भरायला. ती खूप हसली. माझ्यासोबत असली की ती आनंदी असते, हे नोंदवून ठेवतो.
तिने रहाड दाखवली. दगडी हौद. वर्षभर फळ्या टाकून बुजवलेला, आता उघडून धुतलाय. मामा मानकरी, पहिली उडी त्यांची, मग पेठेतले शेकडो जण. ती पण उडी मारणार. मी विचारलं, सगळे एकाच पाण्यात? ती म्हणाली, मग काय प्रत्येकाला बादली देऊ?
झोप नाही. शेकडो पाय. तृप्तीची त्वचा.

६ मार्च
रहाडीपाशी कढईत फुलं उकळून पिवळा रंग काढलाय, निळ्या ड्रममध्ये भरून ठेवलाय. उद्यापर्यंत मुरणार, परवा रहाडीत. दुपारी सगळे जेवायला गेले. मी एकटा. टीसीएलची पुडी ड्रममध्ये रिकामी केली, काठीने हलवली. कोणाला सांगितलं नाही. प्रेम असं गुपचूप करायचं असतं.
संध्याकाळी फॉर्म भरला. नववा प्रश्न: स्थानिक परंपरेत तुमचं काय योगदान? सविस्तर लिहिलं. पुडीचा फोटो जोडला.

७ मार्च, सकाळी ८
मावशी म्हणते, पेठेत बोंब झालीय, ड्रममधला रंग ताकासारखा पांढरट पडलाय, वास दवाखान्यासारखा येतोय. कोणीतरी हलकट माणूस असणार.

७ मार्च, संध्याकाळी
तृप्तीने नवव्या प्रश्नाचं माझं उत्तर मामांना मोठ्याने वाचून दाखवलं. पोरं बाह्या वर करून आली. मीही बाह्या वर केल्या. पण रंगनाथमामांनी सगळ्यांना मागे सारलं. चिडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, माझ्या आज्यापासून या रहाडीत रंग कमी पडला नाही बाळा, तू एका पुडीत करून दाखवलंस. आता ज्याने घालवला त्यानेच काढायचा.
दिवसभर फुलं तोडली, कढई ढवळली. हात कोपरापर्यंत पिवळे. मध्ये एका म्हातारबाबांनी मडक्यातलं पाणी दिलं. न उकळलेलं. प्यायलो. संध्याकाळी मामांनी रंग बघून नुसती मान हलवली. म्हणजे आता मीही जवळजवळ मानकरीच.
तृप्ती दिवसभर वही घेऊन काहीतरी टिपत होती.

८ मार्च, रंगपंचमी, सकाळी ११
पोट पूर्ण कामातून गेलंय. मावशी म्हणते, पाण्याला बोल लावू नको, आठ दिवसांत अकरा मिसळी झाल्या, मी मोजल्यात. भाताची पेज ठेवून ती स्वतः उडी मारायला गेली. अठ्ठावन्न वर्षांची आहे.

११.४०
तृप्तीचा मेसेज. 'प्रिय प्रतिसादक क्र. ३७, सहभागाबद्दल आभार. प्रमाणपत्र जोडले आहे.' एकशे चाळीस जणांना गेलाय. खाली मला वेगळं: 'आमच्या सरांना तुझी उत्तरं फार आवडली, काय करू नये या भागात घेतलीत. नाव नाही टाकलं. शेवटचा प्रश्न राहिलाय तुझा: या ठिकाणी पुन्हा याल का?'
नाव टाकलं नाही. म्हणजे तिला माझी काळजी.

११.५५
नाही. तिला फॉर्म पूर्ण हवाय.

दुपारी १२.३०
ढोल ऐकू येतोय. रहाडीत मी काढलेला रंग आहे. पेज संपवली, वर माठातलं पाणी. बाबांना कळवलं, उद्या पिंपळगावला पोचतो. ते म्हणाले, तब्येत? मी म्हटलं, मस्त.
पिशवी भरली. स्टँडला रहाडीवरून जावं लागतं. दुसरा रस्ता आहे, पण तो लांब पडतो आणि मला सध्या ताण चालत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिथे उभ्यानेच देईन. सुके कपडे पिशवीत वर ठेवलेत, सहज.
पानावर पिवळे ठसे उमटतायत. जात नाही हा रंग.
वही आत टाकतो. निघालो. दार हळू लावतो, मावशीची कडी ढिली आहे.