उंबऱ्याच्या उंचीचा ओटा

९ मे २००३
शहाबादी फरशीचा ओटा तिसऱ्यांदा उखडला. या काळ्या मातीपुढे इलाज नाही. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा, पावसाळ्यात फुगून वर. फरशी, सिमेंट, दोन्ही तिच्यापुढे बिस्किटं.

ह्यांना अर्धांगवायू होऊन सात महिने झाले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला: व्हय. पाणी हवं? व्हय. पाणी नको? व्हय. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं, तुम्ही बोलत राहा. पूर्वी सकाळी सहा ते नऊ ओट्यावर बसून असत, पुसेगावच्या बाजाराला जाणारा एक माणूस सुटत नसे. आता आढ्याकडे बघत पडून.

खुर्ची चाकांची आणली. बाहेर तीन पायऱ्या. म्हणून लाकडाचा ओटा, थेट उंबऱ्याच्या उंचीचा. ठरलं.

१३ मे
नामदेव मिस्त्री येऊन गेला. म्हणाला, "सागवान कशाला, बाई? तुमच्याच बांधाला बाभूळ हाय. लोखंड हाय ते."
बांधावरची बाभूळ ह्यांची. वखराच्या दांडीसाठीसुद्धा तिची फांदी कुणाला तोडू दिली नाही. म्हणून रीतसर विचारलं.
"बाभूळ तोडू का?"
"व्हय."
बरं झालं. काम सोपं.

१७ मे
तोडली. ना.मि. आता म्हणतो, पावसाळाभर पाण्यात ठेवायची. "वली लावली तर भुंगा दोन वर्सांत पीठ करंल. पान्यानं रस निघतो, मंग किडा तोंड लावत न्हाई."
मी म्हटलं, माणूस आत पडून आहे, पावसाळाभर कोण थांबणार?
"मंग कच्चा करून देतो. पर माझं नाव सांगू नका कुनाला."
बी.ए. झाले, एकतीस वर्षं शाळा चालवली, सुतारापुढे हरले. ओंडके ओढ्याच्या डोहात, वर दगड.

२ ऑगस्ट
पूर. ओढ्याकडे दोनदा जाऊन आले. शेवंता तांड्यावरून सकाळी येते, ह्यांना उठवायला-बसवायला. म्हणाली, "लाकूड जाग्यावर हाय, बाई. तुमीच वाहून राहिल्या."
ह्यांना सांगितलं, ओंडके सुखरूप. व्हय.

३० सप्टेंबर
डोहाचं पाणी चहासारखं काळं. वास अंगात भिनतो. आज ह्यांचं वजन पाहिलं. लिहीत नाही.

११ नोव्हेंबर
ओंडके बाहेर. आरामशीनवर फळ्या पाडल्या. आता सावलीत वाळवणं, उन्हाळ्यापर्यंत. पुन्हा थांबा.
सुरेशचा पुण्याहून फोन. "आई, पत्र्याचा उतार करून घे ना, दोन दिवसांचं काम." कशावर उभा करायचा तो पत्रा? याच मातीवर ना? दिवाळीला आला असतास तर दिसलं असतं, म्हणाले.

६ एप्रिल २००४
खड्डे खणले. मुरूम लागायला पाच फूट. ना.मि.ने खांब मातीत पुरले नाहीत. खाली मुरमावर दगड बसवून त्यावर उभे केले, म्हणजे माती फुगो की फाटो, खांब हलायचे नाहीत. वारंगा फाट्याच्या गॅरेजमधून ट्रकचं जळकं ऑईल आणून खांबांना तीन हात. घरभर वास. शेवंता म्हणते, मालक आता इंजिनासारखे सुरू होतील. मला हसू आलं. किती दिवसांनी.

१९ एप्रिल
फळ्यांवरून ना.मि.शी वाद. दोन फळ्यांत बोटभर फट हवी म्हणतो. मी म्हटलं, चाक अडकेल, पडतील.
"बोटभर फटीत चाक न्हाई अडकत, बाई. पानी अडकतं, फट न्हाई ठेवली तर."
मी ऐकलं नाही. एकाला एक भिडवून घेतल्या.
"तुमचं घर. तुमी म्हनता तसं," म्हणाला, आणि खिळे ठोकायला लागला.

४ मे
खुर्ची उंबऱ्यावरून सरळ बाहेर. ह्यांनी उन्हात डोळे मिटून घेतले. लोक थांबले, विचारपूस झाली. कोरा सदरा घातला होता. मी आत जाऊन भाकरी केल्या, पीठ खारट का झालं कळलं नाही.

९ मे
रोज दोन तास बसतात. मारोतराव येतात, ह्यांचे ओट्यावरचे जुने सोबती. तेच बोलतात, हे व्हय म्हणतात.

१५ मे
आत डाळ निवडत होते. बाहेर चार-सहा जण. मारोतराव मोठ्यानं म्हणाले, "काय पाटील, विहिरीजवळचा तुकडा माझ्या नावावर करता ना?"
"व्हय."
"बैलजोडी पन देता?"
"व्हय."
हशा. कुणीतरी म्हणालं, "बाईंनाच ईचारा की, देता का." पुन्हा हशा.
मी बाहेर गेले. सगळे उठले. मारोतराव म्हणाले, "वहिनी, गंमत करून राहिलो. त्यांना बी करमतं." खरंच त्यांना तसं वाटत असावं. वाईट माणूस नाही. महिनाभर दवाखान्यात उशाशी बसला होता.
ह्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी. या आजारात पाणी येतंच, डॉक्टर म्हणाले होते. कशाचं, ते कुणी सांगायचं?

१६ मे
"बाहेर नेऊ?" व्हय.
"आतच बसता?" व्हय.
नेलं नाही.

१८ मे
पोळ्या लाटता लाटता थांबले. बाभूळ तोडू का, विचारलं होतं तेव्हाही व्हयच म्हणाले होते. तो होकार मी धरला. मी मारोतरावांना काय बोलणार?

२४ जून
आठ दिवसांची झड. फळ्या फुगल्या, मधल्या चार उचलून छपरासारख्या झाल्या. खुर्ची उंबऱ्यातच अडते. ना.मि.कडे निरोप धाडला. काय बोलेल ते ऐकायची तयारी.

२८ जून
काही बोलला नाही. फळ्या उचकटल्या, प्रत्येकीची कड बोटभर तासली. खांब मात्र जागचे हलले नाहीत. किडा नाही.
हे आत दारासमोर खुर्चीत, बघत होते. ना.मि.ने तासलेली एक पट्टी उचलली, गुळगुळीत केली आणि ह्यांच्या डाव्या हातात दिली.
"घ्या अन्ना. तुमची बाभूळ."
व्हय म्हणाले नाहीत. पट्टी नाकाशी नेली. मग मांडीवर घेऊन अंगठ्यानं घासत राहिले, जेवणाची वेळ टळली तरी.

२९ जून
ओटा तयार. फटींतून पाणी सरळ खाली जातं. मारोतराव रस्त्यावर दिसले, आमच्या दाराकडे बघत होते, आले नाहीत.
शेवंता म्हणाली, "मालकाला काढू का भाईर?"
पट्टी काढून घ्यायला गेले, मूठ सुटेना. ती मूठ कशाची, राग की काय, कळत नाही. विचारलं तर उत्तर ठाऊक आहे.
खुर्ची उंबऱ्यापर्यंत आणली. पुढची चाकं ओट्यावर, मागची घरात. तिथंच ठेवली. शेजारी पाट टाकून बसले. काही विचारलं नाही.