आप्पांच्या हातातली गाडी

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

आशीर्वादाची ओळ रिवाज म्हणून लिहिली. खरं सांगू? आत्ता तुझा कान माझ्या हातात हवा होता.

रविवारच्या धरणावरच्या सहलीचा फोटो तुझ्या बायकोने मोठ्या कौतुकाने पाठवलाय. फोटोत गाडी आप्पा चालवतायत. शेजारी तू, खिडकीबाहेर कोपर काढून, जसा काही दौऱ्यावर निघालेला साहेब. मागच्या सीटच्या कोपऱ्यात तुझ्या लेकीचा, भिंगरीचा, एक बूट दिसतोय. तो बूट पाहिला आणि मी तडक लिहायला बसले.

हिवाळ्यात आप्पा माझ्याकडे होते तेव्हा मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसतं, पेपर वाचता येतो, पण बाजूचं जवळजवळ गेलंय, डावीकडचं तर फारच. गेलं ते परत येत नाही. थेंबांनी उरलेलं टिकेल, एवढंच. गाडी चालवू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी मला तीनदा बजावलं आणि त्याच संध्याकाळी मी तुला फोनवर सांगितलं. तू हो ताई, हो ताई म्हणालास. तुझं हो ताई म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून आता कागदावर लिहितेय. कागद तरी फोनसारखा मध्येच ठेवून देता येत नाही.

तू लिफ्ट दुरुस्त करतोस ना रे? दोर झिजलेला दिसला की 'बंद आहे' अशी पाटी लावून मोकळा होतोस. बापाच्या बाबतीत पाटी कुठे गेली? मी दिवसभर पोरांना पोहायला शिकवते. एखादं मूल नेमापेक्षा दोन सेकंद जास्त पाण्याखाली राहिलं की शिट्टी फुंकते. तुझ्या घरात शिट्टी फुंकणारं कुणीच नाही? तुझी बायको मला शहाणी वाटली होती.

आणि हे काय ऐकतेय? एकोणतीस तारखेला तुमच्याकडे जुन्या गाड्यांची फेरी निघणार आणि आप्पा त्यांची जुनी बस चालवणार, तीही शाळेची पोरं भरून? चौतीस वर्षं त्यांनी बस चालवली हे मला तू सांगू नकोस. जाऊन नाही म्हणून ये.

उलट टपाली उत्तर हवं. राग निवला की माया आहेच, पण तो अजून निवलेला नाही.

तुझी
ताई


८ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

पत्र यांच्या नावाचं होतं, पण तुमचं पत्र आलं की मी ते आप्पांना मोठ्याने वाचून दाखवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. यावेळीही तशीच बसले. कान धरायच्या ओळीवर आप्पा खळखळून हसले. मग फोटो आला, बूट आला, आणि पुढच्या ओळीवर माझी नजर गेली. मी थांबले. अक्षर लागत नाही म्हणाले. तुमचं अक्षर, ताई, लहान पोरालाही लागेल असं. आप्पा उठून कुंड्यांना पाणी घालायला गेले.

तुम्ही मला शहाणी समजत होतात. मग मला का नाही सांगितलंत? डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं, तुम्ही भावाला सांगितलंत, आणि त्या घरात पोर जिच्या मांडीवर बसते ती कोण? पाहुणी? मला काचबिंदूचा 'का'सुद्धा माहीत नव्हता. फोटो मी काढला. मागे बसून भिंगरीला संत्र्याच्या फोडी भरवत होते आणि म्हटलं, आप्पा किती खुलले आहेत, ताईंना पाठवू या.

आता त्या दिवशीचं पुढचं ऐका. परतताना रस्त्याला वसंतातली सायकलींची शर्यत लागली. आप्पा जुन्या घाटातली एक गोष्ट सांगत होते. डाव्या अंगाने एक सायकलवाली मुलगी आली. तुमच्या भावाने एकदम हात घालून स्टिअरिंग ओढलं. मुलगी शिव्या घालत पुढे गेली. मी म्हटलं, गोष्टीच्या भरात आप्पांचं लक्ष गेलं नसेल. यांनीही मान डोलावली. मान डोलावली, ताई! सगळं माहीत असताना!

आणि त्याआधीच्या रविवारी, रोपांच्या प्रदर्शनाबाहेर, आपल्या गाडीचा डावा आरसा तुटला होता. तो कुणा स्कूटरवाल्याने तोडला असं मला सांगण्यात आलं. मी त्या नसलेल्या स्कूटरवाल्याला आठवडाभर शिव्या दिल्या.

यांना विचारलं तेव्हा म्हणाले, तुला सांगितलं असतं तर तू सहलीच बंद केल्या असत्यास. बरोबर आहे. केल्या असत्या. गाडीची किल्ली मी आता कामाच्या ठिकाणी, कवळ्यांच्या साच्यांच्या खणात ठेवली आहे. दिवसभर लोकांचे दात घडवते, पण घरी आल्यावर माझे दात मिटलेले असतात. दोन दिवस झाले, यांच्याशी बोललेले नाही.

भिंगरी मजेत आहे. गाडी का जात नाही म्हणून रोज विचारते. तिला काय सांगू तेवढं कळवा.

लोभ राहील की नाही हे तुमच्या उत्तरावर आहे.

तुमची
भावजय


१२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

झालं समाधान? घरात दोन माणसं बोलत नाहीत आणि तिसरं कुंड्यांना दिवसातून चारदा पाणी घालतंय. रोपं कुजायला आली.

चूक माझी आहे, ते आधीच लिहून टाकतो, म्हणजे तुला तेच ते उगाळायला नको. पण तू रिपोर्ट पाहिलास, मी माणूस पाहिला. आई गेल्यापासून दोन वर्षं आप्पा घरात खुंटीला टांगलेल्या कोटासारखे होते. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. जानेवारीत एकदा धाब्याच्या आवारात गाडी जरा पुढे घ्या म्हणून मी सहज किल्ली दिली. ते आत बसले आणि बोलायला लागले. कुठल्या वळणावर बस कशी बंद पडली, कुठल्या थांब्यावरची कोण म्हातारी रोज लिंबू द्यायची. दोन वर्षांचं साठलेलं एका तासात बाहेर पडलं. मग मी दर रविवारी त्यांना सरळ रस्त्याचा एक तुकडा द्यायला लागलो. डावीकडे मी बसायचो. त्यांची डावी बाजू मीच पाहायचो. मला वाटलं, तेवढं पुरेल.

पुरलं नाही. त्या मुलीची सायकल माझ्या हातभर अंतरावरून गेली. तेव्हापासून लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो की पाय थरथरतात. हे मी बायकोला सांगू शकलेलो नाही.

पण तूही हात झटकू नकोस. आप्पांना नुसते थेंब घाला म्हणून कुणी सांगितलं? डोळे थोडे थकलेत, असं कुणी सांगितलं? तूच. त्यांचं मन मोडेल म्हणालीस. मग ते कडू काम माझ्या गळ्यात का? तू वर्षातून दोनदा येतेस, मिठाईसारखी. त्यांनी बसच्या फेरीसाठी जुना गणवेश इस्त्री करून आणलाय. त्या गणवेशाला नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही. तुझी शिट्टी आहे ना, फुंक.

याउपर राग धरायचा तर धर.

तुझा
धाकटा


१६ मार्च

ती. आप्पांस,
शि. सा. न.

हे पत्र तुमचं तुम्ही वाचा, सूनबाईला वाचायला देऊ नका. अक्षर मोठं काढलं आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुम्ही चपला घालत होतात, तेव्हा त्यांनी मला आत थांबवून घेतलं. तुम्ही विचारलंत काय म्हणाले, आणि मी म्हणाले, काही नाही, थेंब घालायचे. ते खोटं होतं. तुमच्या डोळ्यांची बाजूची नजर गेली आहे, डावीकडची जास्त. तुम्हाला ते कळत नाही, कारण समोरचं सगळं नीट दिसतं. तुम्ही गाडी चालवायची नाही. बस तर नाहीच.

हे मी धाकट्याला सांगितलं आणि तुम्हाला नाही. त्याने त्याच्या बायकोला नाही सांगितलं. आता आम्ही तिघं एकमेकांवर ओरडतोय आणि तुम्ही मध्ये बसून पाणी घालताय. गेले पंधरा दिवस मी धाकट्यावर आग पाखडतेय. काल तलावावर एका पोराच्या आईने मला विचारलं, त्याला पाण्याची भीती वाटते हे तुम्हाला दिसलं होतं, मग मला का नाही सांगितलंत? म्हणून आज हे पत्र तुम्हाला.

रागवा. पण फेरीत बस चालवू नका, एवढं माझ्यासाठी.

तुमचीच
ताई


२१ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद, आणि ते मनापासून आहेत, कारण बापाला दुसरा मार्ग नसतो.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग एक डोळा मिटून खोलीत उभा राहिलो आणि हात बाजूला धरून बोटं हलवली. बोटं दिसेनात. हात पुढे आणत गेलो. जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा दिसला. एवढी साधी गोष्ट, चार महिन्यांत कुणीतरी मला करून बघायला सांगायची होती.

सूनबाई अक्षर लागत नाही म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं होतं की काहीतरी शिजतंय. वाट पाहिली, कोण येऊन सांगतं ते. कुणी आलं नाही. माझ्या डोळ्यांची चर्चा तुम्ही जुनी बस मोडीत काढावी तशी केलीत, तिला न विचारता.

तुम्हाला वाटतं, गाडी सुटली म्हणून मी चिडलोय. मूर्ख आहात. चौतीस वर्षांत माझ्या हातून एका कुत्र्यालाही धक्का लागला नाही. का? ताप असला की मी ड्यूटी नाकारायचो. झोप झाली नसली की नाकारायचो. साहेब ओरडायचे, पगार कापायचे, तरी नाकारायचो. मला माहीत असतं तर मी स्वतःच्या हाताने किल्ली परत दिली असती. नाही म्हणणं ही माझी जन्माची कमाई होती आणि ती तुम्ही दोघांनी मिळून माझ्याकडून काढून घेतलीत. माझं मन मोडू नये म्हणून! मन मोडलं असतं तर जोडलं असतं. ती सायकलवाली पोर जोडता आली असती का? मागे माझी नात बसली होती, ताई. मी गोष्ट सांगत होतो आणि मागे माझी नात होती.

धाकट्याशी मी बोलत नाही. तुझ्याशी बोलायला तू इथे नाहीस. सूनबाईचा दोष नाही. या घरात खरं कुणी वागलं असेल तर तिनेच, किल्ली लपवून.

फेरीचं काय करायचं ते मी पाहीन. त्यात कुणी नाक खुपसायचं नाही.

आप्पा


३० मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

काल फेरी झाली. तुम्ही जीव मुठीत धरून बसला असाल म्हणून लगेच लिहिते.

सकाळी आप्पा गणवेश घालून निघाले. कुठे, काय, एक शब्द नाही. आम्ही दोघं भिंगरीला घेऊन मागोमाग, आणि तरीही एकमेकांशी न बोलता. मैदानात ती लाल बस धुऊनपुसून उभी होती. आत चाळीस पोरं, हातात फुगे. आप्पा सरळ चालकाच्या जागेवर चढले. स्टिअरिंगवर हात ठेवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमचा भाऊ दाराशी धावला आणि मी त्याच्या मागे.

आप्पा मिनिटभर तसेच बसले. मग उतरले आणि फेरीच्या सेक्रेटरींना सगळ्यांसमोर म्हणाले की, मला बाजूचं दिसत नाही, मी बस चालवणार नाही. सेक्रेटरी हसले. म्हणाले, अहो आप्पा, अर्धा मैल तर जायचंय, तेही मुंगीच्या पावलाने, पोरं वाट बघतायत. ताई, त्यानंतर जे झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. आप्पांचा आवाज अख्ख्या मैदानात घुमला. विचारलं, की चाळीस पोरं भरण्याआधी माझे डोळे कुणी तपासले? माझा परवाना कुणी पाहिला? म्हातारा गणवेशात शोभतो म्हणून पोरं त्याच्या हवाली करायची? सेक्रेटरी पांढरेफटक. आईबापं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मग आप्पांनी गर्दीतून एका बाईंना पुढे बोलावलं. डेपोत त्यांच्या हाताखाली शिकलेल्या, आता पक्क्या चालक. त्यांना आप्पांनी चार दिवसांपूर्वीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी बस चालवली. आप्पा शेवटच्या सीटवर भिंगरीला घेऊन बसले आणि प्रत्येक गिअरला नाक मुरडत राहिले.

तुमचा भाऊ फुटपाथवर उभा राहून रडत होता. तिथेच त्याने मला लिफ्टच्या खड्ड्यातल्या थरथरीचं सांगितलं. मी ऐकून घेतलं. माफ केलेलं नाही. किल्ली माझ्याकडेच आहे आणि माझ्याकडेच राहील, कारण कालच मी गाडी शिकायला नाव घातलंय. पुढच्या सहलीला मीच नेणार.

आप्पा संध्याकाळी त्याच्याशी बोलले. एवढंच, की तोंड धू आणि जेवायला बस.

तुमच्यासाठी मात्र निरोप आहे. तुम्ही माफीचं पत्र लिहिणार, हे त्यांनी ओळखलंय, आणि ते पत्र त्यांना नकोय. तुम्ही स्वतः या, पुढच्याच रविवारी. त्यांना तुमच्यावर ओरडायचंय, पोटभर, आणि कागदावर आवाज चढत नाही म्हणतात.

या. लोभ आहे, म्हणूनच बोलावतेय.

तुमची
भावजय